उत्तर कोकणातील वंशीय सहजीवन

समुद्रमार्गे आलेले अरब, इराणी, ज्यू आणि आफ्रिकी वंशाचे समूह व कोकणपट्टीतील स्थानिक समाज यांच्यात निरनिराळ्या कालखंडांत निर्माण झालेल्या परस्परव्यवहाराला ‘वंशीय सहजीवन’ ही संज्ञा लावता येते. डहाणू-संजाणपासून पनवेल खाडी आणि तिच्या परिसरातील कोनसारख्या गावांतून पुढे चौल-जंजिऱ्यापर्यंतचा प्रदेश तिच्या कक्षेत येतो.

याचा सर्वांत बोलका प्राचीन पुरावा पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांत आहे. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार मधुमती म्हणजे मुहम्मद हा ताजिक, अर्थात अरब, अधिकारी पाहत होता. त्याने नद्यांवर मोफत होडीसेवा आणि प्रवाशांसाठी अन्नछत्र चालवले, एवढेच नव्हे तर देवीच्या मठिकेला, म्हणजे लहान मठाला, भूमिदान मिळावे म्हणून सम्राटाची अनुमती घेतली. जवळपास याच काळात चौलला आलेल्या अल-मसुदी या अरब प्रवाशाने तेथील मुस्लिम वस्तीचे वर्णन केले असून, त्यांच्या आपसातील व्यवहारांसाठी राजा त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमत असे, असे नोंदवले आहे.

बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाचा इतिहास मात्र राजाश्रयापेक्षा गावगाड्याशी निगडित आहे. अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, आणि पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी आपलीशी केली. नवस फेडताना पोहे, गूळ व नारळ यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करण्याचा त्यांचा विधी, तसेच एकोणिसाव्या शतकात बायबलमधील कथांवर रचलेली त्यांची मराठी कीर्तने, यांत दोन परंपरा इतक्या एकजीव झाल्या आहेत की त्यांना केवळ अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरेल. पनवेलमधील बेथ एल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, १८४९ मधील आहे.

जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता होती. मराठ्यांशी त्यांचा संघर्ष दीर्घकाळ चालला. याच जंजिरा संस्थानाच्या कारभारीपदावर पुढे शालोम बापूजी इस्राएल हे बेने इस्राएल गृहस्थ होते, ही बाब इतिहासलेखनात सहसा दुर्लक्षित राहते.

या सहजीवनाला समतेचे नाव देता येत नाही. रोटीबेटीचे निर्बंध सर्वत्र होते, आणि खुद्द बेने इस्राएलांतही मिश्र संततीला ‘काळे’ ठरवून ‘गोऱ्यां’पासून वेगळे ठेवले जाई. शेजाऱ्याच्या सणवाराला व धंद्याला धक्का न लावण्याचा संकेत मात्र टिकून होता, आणि ज्यूद्वेषाचा युरोपसारखा इतिहास येथे घडला नाही. १९४८ नंतर बेने इस्राएलांतील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, ते छळामुळे नव्हे. तेथे त्यांच्या विवाहयोग्यतेवर ज्यू धर्मपीठाने घेतलेल्या शंकांविरुद्ध त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. महाराष्ट्रात उरलेल्या ज्यूंना राज्य शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.