परवाना कोणाचा? माणसाचा की यंत्राचा?

मायक्रोसॉफ्ट विंडोजचे परवाने दोन प्रकारे विकत असे. दुकानातली महागडी प्रत जुन्या संगणकावरून काढून नव्यावर चढवता येई. संगणक-उत्पादकांना दिलेली प्रत स्वस्त, पण ती नव्या यंत्रासोबतच विकायची आणि त्या यंत्राबरोबरच संपायची! जर्मनीतील एका विक्रेत्याने अशा स्वस्त प्रती संगणकाविना विकल्या. प्रकरण तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेले. २००० साली निकाल लागला: प्रत एकदा रीतसर बाजारात आली, की तिच्या पुढील विक्रीवर कंपनीचा अधिकार राहत नाही. (पुस्तकांचेही असेच नाही का?) पुढच्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीने मात्र यंत्राचे सुटे भाग तपासून परवाना त्याच्याशी जोडला. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या खटल्यात इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रतींनाही पुनर्विक्रीची मुभा दिली. अट एवढीच, की विकणाऱ्याने स्वतःजवळची प्रत निकामी करावी.