चितारआळीचे गिऱ्हाईक

नव्या दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्यास आज कोपर्निकस मार्ग म्हणतात; इंग्रजी अमलात तो लिटन रोड होता. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावरचे, आणि गायकवाडांसाठी लट्यन्सने उभारलेले बडोदा हाऊसही त्याच्या इंडिया गेटकडील टोकाला. बदली होऊन दिल्लीस आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा पहिला मुक्काम या सदनातच पडे. पुढे सरकारी बंगला मिळाला, सामान लागले, की दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात एक परडी हटकून दिसे. तीत लाकडी केळी, आंबा, सीताफळ. पाहुण्याने फसून हात घालावा आणि यजमानाने, "सावंतवाडीची बरं का!" असे अभिमानाने सांगावे. त्या परडीमागे जो इतिहास आहे, तो कारागिराइतकाच गिऱ्हाइकाचाही आहे, आणि गिऱ्हाइकाचा भाग सहसा कोणी सांगत नाही.

सावंतवाडीची चितारआळी वसली ती संस्थानाच्या सावलीत. तिसरे खेमसावंत भोसले (१७५५ ते १८०३) यांच्या कारकीर्दीत लाखकामाला व गंजिफांना दरबाराचा आश्रय लाभला, असे सांगतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली वाटोळी पाने. दशावतारी डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस. त्याच हातांनी देव्हारे, पाट, चौरंग, पाळणे आणि भातुकलीही रंगविली. सुताराने घडवावे, कातारी माणसाने उतरवावे आणि चिताऱ्याने सजवावे, अशी ही कामाची वाटणी. फळांना व खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड घेत, कारण ते हलके आणि कोरण्यास मऊ. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगास बसते. मग केवड्याचे पान दाबून तिला चकाकी आणतात. ब्रश लागत नाही. रंग वर न राहता लाकडाशी एकजीव होतो, म्हणून मुलाने तोंडात घातले तरी तो सहजी सुटत नसे.

दरबार हे मोठे सोयीचे गिऱ्हाईक होते. त्याला घाई नसे व भावाची घासाघीस त्याच्या इभ्रतीस शोभत नसे. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हे गिऱ्हाईक संपले. विलीनीकरणाचे हिशेब पुष्कळांनी मांडले. खजिना, जमिनी, तनखे. चिताऱ्याच्या मागणीचे काय झाले, हे मात्र कोणत्याच फायलीत आले नसावे. छापील पत्ते स्वस्त होते, पुढे प्लॅस्टिक आले. १९५० नंतरच्या दशकात गंजिफा करणारे जाणते हात इतके थोडे उरले, की विद्या त्यांच्याबरोबरच जाण्याची वेळ आली.

ती गेली नाही, याचे श्रेय शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांना आहे. राणीसाहेबांचे माहेर बडोद्याचे, गायकवाडांचे. त्यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली, तरुणांना शिकविली, आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकर वेअर्स' हा छोटा कारखाना सुरू केला. मोती तलावाकाठच्या त्या वाड्यात आजही कारागीर मांडी घालून पाने रंगविताना दिसतात. राजवाडा, जो दोन शतके गिऱ्हाईक होता, तो दुकानदार झाला! मला ही घटना तनखे बंद होण्याइतकीच महत्त्वाची वाटते. योगायोग असा, की तनखेही १९७१ सालीच बंद झाले.

दिल्लीत याच काळात दुसरा प्रयत्न चालू होता. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले व कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढे बाबा खडकसिंग मार्गावर राज्याराज्यांची विक्रीकेंद्रे ओळीने उभी राहिली. त्यांनी कारागिराला दूरचे गिऱ्हाईक दिले, हे निःसंशय. पण अंतराने एक नुकसानही केले. चितारआळीत मुलीची भातुकली घेणारी आई चिताऱ्याला ओळखे. चूल लहान झाली तर बदलून मागे. दुकानाच्या फळीवरून घेणाऱ्याला फक्त चिठ्ठीवरची किंमत दिसते, आणि ती त्याला जास्त वाटते. खेळणे हळूहळू शोभेची वस्तू झाले. एकशेवीस पानांचा डाव भिंतीवर चौकटीत गेला. तो खेळता येणारी माणसे आता किती?

आपण नोकरीनिमित्त बाहेर राहणारी माणसे या बदलात निरपराध नाही. मूळ गावाची खूण म्हणून आपण एकच परडी घेतो आणि ती तीस वर्षे पुरवतो. कारागिराचे घर मात्र रोज वापरून झिजणाऱ्या पाटांवर, पोळपाटांवर व मुलांनी हरविलेल्या भोवऱ्यांवर चालते. पांगारा दुर्मिळ झाला, दुसरी लाकडे घ्यावी लागतात. एका चौरंगामागचे दिवस काही कमी झालेले नाहीत.

तेव्हा पुढच्या रजेत कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरलात, तर गावात जाऊन चितारआळीत थोडे थांबावे. परडीतले दोन आंबे शेजारी धरून पाहावेत. हाताचे असतील तर एकाचे नाक दुसऱ्यासारखे नसेल. आणि परडी घरी असेलच, तर या खेपेस नातवंडासाठी भोवरा घ्यावा.