षष्ठीचे चिन्ह आणि कंधारचा विद्यार्थी

इंग्रजी शिकणारा मराठी बालक ज्या ॲपॉस्ट्रॉफीपाशी अडखळतो, ते चिन्ह मुळात षष्ठीचे नव्हेच. ते लोपाचे चिन्ह होय. प्राचीन इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीचा प्रत्यय स्वरयुक्त होता. कालांतराने त्यातील स्वर उच्चारातून गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रकांच्या अनुकरणाने हे चिन्ह इंग्रजीत आले व पुढे त्या रिकाम्या जागी बसले. संस्कृतातील अवग्रह लुप्त अकाराची जी खूण ठेवतो, तिच्याच जातीची ही खूण. अनेकवचनी षष्ठीत ती देण्याचा प्रघात मात्र अठराव्या शतकात स्थिरावला, आणि तेथे गळालेला स्वरच नाही!

थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विरामचिन्हे मराठी गद्यात रूढ झाली. ॲपॉस्ट्रॉफीची येथे गरजच नव्हती. चा-ची-चे हे प्रत्यय पूर्ण उच्चारले जातात आणि पूर्ण लिहिले जातात.

कंधार 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातील माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रायः उर्दू असे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही माध्यम उर्दूच, इंग्रजी हा केवळ आवश्यक विषय. त्यामुळे येथील मराठी विद्यार्थ्यापुढे संबंध दर्शविण्याच्या तीन रीती उभ्या राहत. घरी 'कंधारचा किल्ला'. उर्दूत 'किला-ए-कंधार', तीत स्वामी शेवटी येतो, आणि जोडणारा 'ए' उच्चारावा लागत असला तरी त्याची खूण बहुधा लिहीत नाहीत. इंग्रजीत नेमके उलट: चिन्हाला उच्चार नाही, पण ते वगळले की चूक.

'चा म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी' हे सोपे समीकरण नपुंसकलिंगी 'इट्स' या सर्वनामापाशी कोसळते. विद्यार्थी नियमाला धरून तेथेही चिन्ह देतो आणि गुण गमावतो. सतराव्या-अठराव्या शतकांतील छापील इंग्रजीत हेच रूप चिन्हासह सर्रास आढळते, हे त्याला कोणी सांगत नाही.

मराठीलाही अशी स्मृतिचिन्हे होतीच. 'पांच' मधील बिंदू हा लुप्त अनुनासिकाचा अवशेष. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीने आपला अवशेष ठेवला. जून 2000 पासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. कंधारच्या मुलाच्या कानी 'विभक्ती' हा शब्द पडण्यापूर्वीच इंग्रजी षष्ठी त्याच्या पाटीवर येते.