शिक्का बदलला, खांब राहिला

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हॉर्न पाठ सोडत नाहीत. दहाव्या लेण्याच्या ओसरीत पाय टाका आणि काळ मागे सरकू द्या. आता छिन्नीचा आवाज येतोय आणि काळ्या दगडाची कपची तुमच्या मनगटावर उडते.

पाथरवट खांबाच्या पायाशी कुंभ सोडवतोय. वरची घंटा आणि तिच्यावरचे प्राणी आधीच कोरून झालेत, कारण लेणं वरून खाली उतरतं. इतक्या उंचावर मान वर करून कोण बघणार, असं विचारायचा तुम्हाला मोह होईल. आवरा. हा प्रश्न इथे कुणाला पडलेला नाही.

काम उषवदाताचं, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचं. त्याच्यासोबत गोवर्धन नगरीच्या निगमसभेत चला. तिथे दानाचा तपशील सर्वांसमोर वाचला जातोय. ३००० कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमची ठेव. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज घ्यायचं. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक. वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. तुम्ही बोटांवर हिशेब करता: वर्षाचे २४०, चोख जुळतात. उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण, इतर खर्चासाठी. मग सगळं फलकावर नोंदलं जातं. उद्घाटनानंतर लेण्यात राहणाऱ्यांचं काय, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं आहे.

आता थोडी वर्षं पुढे सरका. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलंय. बाजारात तुमच्या हातावर पडलेलं चांदीचं नाणं नीट बघा: नहपानाच्या चेहऱ्यावरच नवा छाप ठोकलाय. (१९०६ साली जोगलटेंभीला अशी हजारो सापडणार आहेत.) उषवदाताकडची शेतजमीनही नव्या राजाने भिक्षूंना देऊन टाकलीय. आता लेण्यावर घण पडणार, अशी धास्ती घेऊन तुम्ही धावत डोंगर चढता.

घण पडत नाही. सातवाहनांच्या तिसऱ्या लेण्यात तेच घंटाकार खांब घडतायत. शत्रूचा शिक्का झाकला, शत्रूचा खांब मात्र गिरवला! नक्कल थोडी जड झालीय, खांबाखालचे कुंभही गेलेत, पण दारावरची कोरीव चौकट आणि ओसरी खांद्यावर पेलणारे ते धिप्पाड यक्ष बघा. बरोबरी साधायची नव्हती, वरचढ व्हायचं होतं.

खाली उतरा, हॉर्न परत येतील. इमारत देखणी असावी, हा आग्रह आजही दिसतो: अमेरिकेत २०२५ साली ट्रम्प यांनी सरकारी इमारतींसाठी अभिजात शैलीला प्राधान्य देणारा हुकूम काढला. मला त्यातला आग्रह पटतो, हुकूम नाही. तिसरं लेणं ईर्ष्येतून देखणं झालं, आणि ईर्ष्या वाटायला समोर दहावं असावं लागतं. आपली सरकारी कार्यालयं मात्र काच आणि पत्र्याच्या आवरणात उभी राहतात; त्यांची नक्कल करावी असं शेजारच्या जिल्ह्यालाही वाटत नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशकात पुन्हा बांधकामं निघालीत. प्रत्येक इमारतीच्या अंदाजपत्रकात पाथरवटाच्या कामाची एक ओळ असू द्या, देखभालीची ठेव वेगळी काढा, आणि दोन्ही आकडे महापालिकेच्या महासभेत मोठ्याने वाचा. गोवर्धनात ते जमलं होतं, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय.