विरजण कुठून आणायचं? कंपायलर इन्स्टॉल न होण्याचा इतिहास

आजच्या भागाचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण थांबा. दही लावायला काय लागतं? दूध आणि विरजण. विरजण म्हणजे काय? कालचं दही. म्हणजे दही करायला आधी दहीच लागतं! घरात नसेल तर वाटी घेऊन शेजारी जायचं.

कंपायलरचंही अगदी असंच आहे. आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. पण कंपायलर हासुद्धा कोणीतरी लिहिलेला कोडच की! मग तो मशीनच्या भाषेत आणायला आधीचा एक कंपायलर लागतो. आणि तोच मिळाला नाही तर?

चला, 1990च्या दशकात जाऊ. युनिव्हर्सिट्यांमध्ये आणि कंपन्यांमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या मशीन दिसायच्या. त्यांच्या जुन्या सनओएस 4 मध्ये सी भाषेचा कंपायलर सिस्टिमसोबतच यायचा. मग 1992 मध्ये सोलारिस 2 आलं आणि सनने कंपायलर बाजूला काढला. हवा असेल तर वेगळे पैसे मोजा! 'सीसी' ही कमांड जागेवर होती, पण चालवली की उत्तर यायचं, 'लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड'. म्हणजे दारावर पाटी आहे, आत दुकानच नाही.

आता फुकट पर्याय होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये जीसीसी हा कंपायलर सगळ्यांसाठी खुला केला होता. पण तो मिळायचा सोर्स कोडच्या रूपात. म्हणजे जीसीसी तयार करायला कंपायलर हवा, आणि कंपायलर नाही म्हणून तर जीसीसी हवाय! दूध आहे, पण विरजण नाही.

मग लोकांनी काय केलं? शेजारी वाटी घेऊन गेले! ज्याच्याकडे सनचा विकतचा कंपायलर होता, त्याने जीसीसी तयार करायचा आणि ती तयार फाइल बाकीच्यांना द्यायची. पुढे तर सोलारिससाठी अशी तयार पॅकेजेस देणाऱ्या साइट्स उभ्या राहिल्या. पण ते पॅकेज टाकलं म्हणजे झालं असंही नव्हतं. असेंबलर आणि लिंकर ही हत्यारं 'यूएसआर-सीसीएस-बिन' नावाच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये असायची. तो रस्ता सिस्टिमला सांगितला नाही, तर जीसीसी असूनही काम अडायचं. हेडर फाइल्सचं पॅकेजही वेगळं. ते नसेल तर साधा 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा होत नसे.

गंमत बघा, सनच्या त्या निर्णयानेच जीसीसीला गिऱ्हाईक मिळवून दिलं. पैसे वाचवायला आलेले लोक तिथेच रमले. आणि 2005 च्या सोलारिस 10 मध्ये खुद्द सननेच जीसीसी सोबत दिला!

बरं, विरजण मिळालं तरी नवं दही चांगलं लागलं हे कसं ओळखायचं? जीसीसीची पद्धत भारी आहे. जुन्या कंपायलरने नवा बनवायचा, ही पहिली पायरी. त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा बनवायचं, ही दुसरी. आणि त्या दुसऱ्याने पुन्हा एकदा, ही तिसरी. दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले पाहिजेत. नाही जुळले, तर कुठेतरी घोळ आहे.

घोळ तर व्हायचेच. 2000 साली रेड हॅट लिनक्स 7 मध्ये 'जीसीसी 2.96' आला. पण जीसीसीच्या मंडळींनी जाहीर केलं, अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही! रेड हॅटने चालू विकासातला कोड उचलून स्वतः पॅक केला होता. लिनक्सचं कर्नल त्याने नीट बनेल याचा भरवसा नव्हता, म्हणून रेड हॅटने 'केजीसीसी' नावाने एक जुना कंपायलर शेजारीच ठेवून दिला. एकाच मशीनवर दोन कंपायलर, एक रोजच्या कामाला, एक कर्नलपुरता.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे, आणि टर्मक्स हे ॲप वापरून फोनवरच क्लँग हा कंपायलर टाकता येतो. पण अँड्रॉइड 10 पासून नवा नियम आला. नव्या पद्धतीच्या ॲप्सना स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेला प्रोग्रॅम थेट चालवता येईना. टर्मक्सचं तर सगळं कामच त्यावर! 2020 च्या अखेरीस प्ले स्टोअरवरचे त्याचे अपडेट थांबले. पॅकेजेस ठेवलेली बिनट्रे ही सेवाही 2021 मध्ये बंद झाली. जुनं ॲप मात्र त्याच बंद दारावर टकटक करत राहिलं, आणि क्लँग टाकायला जाणाऱ्याला फक्त एरर दिसायची. उपाय काय निघाला? एफ-ड्रॉइडवरून ताजं ॲप घ्या आणि चालू असलेला मिरर निवडा. म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्या शेजाऱ्याचं दार!

पण एक प्रश्न उरतो, आणि तोच सगळ्यात मोठा. शेजाऱ्याचं विरजणच खराब असेल तर? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच मांडलं. ते भाषण 1984 मध्ये छापून आलं. कंपायलरमध्ये अशी खोडी लपवता येते, की लॉगिन प्रोग्रॅम बनवताना तो गुपचूप चोरदरवाजा ठेवेल, आणि नवा कंपायलर बनवताना ती खोडीही पुढे देईल. सोर्स कोड कितीही वाचा, त्यात काहीच दिसणार नाही!

यावर काही लोक वर्षानुवर्षं काम करत होते. 2023 मध्ये गिक्स प्रकल्पाने दाखवलं, की कंपायलरची साखळी अवघ्या 357 बाइटच्या एका प्रोग्रॅमपासून सुरू करता येते. माणूस बसून एकेक बाइट तपासू शकेल इतका छोटा! त्यातून थोडा मोठा, त्यातून आणखी मोठा, असं करत साखळी जीसीसीपर्यंत पोहोचते.

तेव्हा पुढच्या वेळी इन्स्टॉल फेल झालं, तर लगेच फोन आपटू नका. एरर नीट वाचा. पॅकेजच मिळत नाहीये, मिळूनही सोबतची हत्यारं सापडत नाहीयेत, की आवृत्ती जुळत नाहीये? तीनही दुखणी जुनी आहेत, आणि तिन्हींवर कुणीतरी आधीच वाट काढून ठेवली आहे. आणि तयार पॅकेज घेताना एवढं जरूर बघा, की हे विरजण नक्की कुणाच्या घरचं आहे.

भेटूया पुढच्या भागात!