कचारगड : गोंडी वारसा व वनव्यवस्था
गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील, दरेकसानजीकच्या डोंगरातील विस्तीर्ण गुहा. गोंड समाजाचे हे परमपूज्य तीर्थ होय. आदिमाता काली कंकालीची मुले येथे शिळेआड कोंडली गेली, धर्मगुरू पारी कुपार लिंगोने त्यांना मुक्त करून गोत्रव्यवस्था व कोया पुनेम हा धर्ममार्ग दिला, अशी परंपरा असल्याने माघ पौर्णिमेस महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादी प्रांतांतून यात्रेकरू लोटतात. येथे मूर्तीपेक्षा डोंगर, झाड व गुहाच पूज्य असल्यामुळे वारशाचे रक्षण व वनाची व्यवस्था हे दोन प्रश्न वस्तुतः एकच ठरतात. दफ्तरी मात्र त्यांची खाती निराळी.

मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, अमदानीत जळण, चराई, मोहफुले यांवरील रयतेचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कनोंदीत नमूद होत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि जंगल सरकारजमा झाले. गोंदिया जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडत नसल्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व विशेष. त्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेस सांस्कृतिक व नैसर्गिक वारशास बाधक कृत्ये रोखण्याचा अधिकार दिला असून सामूहिक वनहक्काचे दावे ग्रामसभेकडून उपविभागीय समितीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीपुढे जातात. दाव्यास ज्येष्ठांचे लेखनिविष्ट कथन पुरावा म्हणून चालते, ही तरतूद मौखिक परंपरेच्या या मुलखात मोलाची आहे.