घर घेताना 1 टक्का ‘मेट्रो सेस’ का भरावा लागतो? ठाणे-कल्याणकरांना पडणारे प्रश्न

डोंबिवलीत 60 लाखांचा फ्लॅट घेतला तर 7 टक्क्यांप्रमाणे 4 लाख 20 हजार रुपये मुद्रांक शुल्क भरावं लागतं. खरेदी महिलेच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत मिळते. या रकमेतले 60 हजार रुपये ‘मेट्रो सेस’चे असतात. फ्लॅटजवळ मेट्रो आहे की नाही, याच्याशी त्या 60 हजारांचा काही संबंध नाही.

सोशल मीडियावर या सेसबद्दल चिडून लिहिणारे बरेच आहेत. ‘मेट्रो अजून आली नाही, पैसे आधीच घेतले’ हा त्यांचा मुख्य मुद्दा. तो कितपत बरोबर आहे, हे पाहण्यासाठी आधी या 7 टक्क्यांची फोड करावी लागेल.

7 टक्क्यांत काय काय असतं?

मूळ मुद्रांक शुल्क 5 टक्के. ते राज्य सरकारचं. त्यावर 1 टक्का एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कराच्या नावाने येणारा अधिभार. आणि आणखी 1 टक्का वाहतूक प्रकल्पांसाठीचा अधिभार, ज्याला सगळे मेट्रो सेस म्हणतात. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा दर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. मुंबईत एलबीटी कधी आलाच नव्हता, त्यामुळे तिथे हाच आकडा 6 टक्के आहे. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात आलं की 1 टक्का वाढतो.

मेट्रो सेसचा आधार महाराष्ट्र महापालिका कायद्यात आहे. मेट्रो, मोनोरेल, बीआरटी, मुक्तमार्ग, सागरी सेतू अशा ‘महत्त्वाच्या नागरी वाहतूक प्रकल्पां’साठी पैसा उभा करायचा म्हणून खरेदीखत, बक्षीसपत्र आणि ताबेगहाण अशा दस्तांवर तो लावता येतो. मार्च 2020 च्या अर्थसंकल्पात एमएमआरडीएचं क्षेत्र, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरसाठी मुद्रांक शुल्कात 2 वर्षांची 1 टक्का सवलत जाहीर झाली. ती मुदत 31 मार्च 2022 ला संपली आणि 1 एप्रिलपासून सेस परत सुरू झाला.

सरळ विक्रीकर का नाही?

अमेरिकेत शहरं आणि काउंट्या वाहतुकीसाठी स्थानिक विक्रीकर लावतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी मतदान घ्यावं लागतं. लॉस एंजेलिस काउंटीत 2008 साली ‘मेझर आर’ हा अर्ध्या टक्क्याचा कर दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर झाला. मतदारांपुढे आधीच 30 वर्षांची मुदत आणि कोणत्या कामाला किती वाटा याचा तक्ता ठेवलेला होता. अटलांटा परिसरात 2012 मध्ये असाच 1 टक्क्याचा कर मतदारांनी फेटाळला. पैसा सांगितलेल्या कामालाच लागेल यावर अनेकांचा विश्वास बसला नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

आपल्याकडे हा रस्ता जवळजवळ बंद आहे. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तोही गेला. आता महापालिकेला वस्तूंच्या विक्रीवर स्वतःचा कर लावता येत नाही. त्याऐवजी राज्याकडून भरपाईचा हप्ता येतो. गंमत अशी की दुकानातून एलबीटी गेला, पण घराच्या दस्तावर त्याच्या नावाचा 1 टक्का अजून आहे.

जीएसटीबाहेर राहिलेलं पेट्रोल-डिझेल हा अपवाद. तिथे स्थानिक फरक चालतो आणि ठाणेकरांनी तो अनुभवलाही आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत जून 2024 पर्यंत पेट्रोलवर 26 टक्के आणि डिझेलवर 24 टक्के कर होता. कल्याण-डोंबिवलीचे पंप या हद्दीबाहेर. 1 जुलै 2024 पासून हे दर 25 आणि 21 टक्क्यांवर आले आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे 65 पैशांनी, तर डिझेल 2 रुपये 7 पैशांनी उतरलं.

शंका कुठून आल्या?

एका कारणासाठी लावलेला कर ते कारण संपल्यावरही चालू राहतो, हा अनुभव जुना आहे. 2015 मध्ये राज्यात दुष्काळ पडला तेव्हा पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार लागला. 2016 चा पावसाळा चांगला गेला, पण अधिभार गेला नाही. एप्रिल 2017 मध्ये पेट्रोलवरचा अधिभार उलट आणखी 3 रुपयांनी वाढला. याउलट केरळने महापुरानंतर ऑगस्ट 2019 पासून जीएसटीवर 1 टक्का पूर सेस घेतला, तो 2 वर्षांसाठी होता आणि 31 जुलै 2021 ला खरोखर बंद झाला. मेट्रो सेसला अशी शेवटची तारीख नाही.

दुसरा अनुभव टोलचा. मुंबईतल्या 55 उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी शहराच्या 5 प्रवेशद्वारांवर टोल बसला. ठाण्याहून मुंबईला कारने जाणाऱ्यांनी तो दोन दशकांहून जास्त काळ भरला. हलक्या वाहनांची सुटका झाली ती ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर.

मग मेट्रो कुठे आहे?

वडाळा ते कासारवडवली या 32 किलोमीटरच्या मेट्रो 4 चं भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं. गायमुख ते विजय गार्डन या छोट्या टप्प्यावर पहिली चाचणी झाली सप्टेंबर 2025 मध्ये. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो 5 चं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये कल्याणला झालं. तेव्हा खर्च सांगितला होता 8,416 कोटी. कल्याण-तळोजा मेट्रो 12 चं काम 2024 मध्ये सुरू झालं. ती डोंबिवली एमआयडीसी, सागाव, सोनारपाडा, मानपाडा अशी जाते. डोंबिवली स्टेशनच्या आजूबाजूला राहणाऱ्याला तिथवर रिक्षानेच जावं लागेल. आणि टिटवाळ्याचं काय? टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतं, म्हणून तिथल्या खरेदीदारालाही सेस लागतो. यांपैकी एकही मार्ग टिटवाळ्यापर्यंत जात नाही.

सेसच्या बाजूने म्हणणं असं: तिकिटातून मेट्रोचा खर्च निघत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थांना भरवशाचं उत्पन्न दिसावं लागतं, आणि मेट्रोमुळे जागेचे भाव वाढतात तर त्या वाढीतला वाटा प्रकल्पाला मिळावा. केंद्राचं 2017 चं मेट्रो धोरणही भाववाढीतून निधी उभारण्यावर भर देतं. तत्त्व म्हणून यात चूक काढणं अवघड आहे.

अडचण पैसे कोणाकडून घेतले जातात याची आहे. घोडबंदर रोडवर 15 वर्षांपूर्वी घर घेतलेल्याची किंमत मेट्रोमुळे वाढली, तरी तो सेस भरत नाही. त्याचं घर वाढलेल्या भावाने घेणारा भरतो, तोही त्या वाढलेल्या किमतीवर. तेच घर 5 वर्षांनी पुन्हा विकलं तर पुढचा खरेदीदार पुन्हा भरतो. म्हणजे फायदा एकाला आणि बिल दुसऱ्याला. नवीन इमारतीत तर विकासकाकडून याच प्रकल्पांच्या नावाने वाढीव विकास शुल्कही घेतलं जातं, आणि ते शेवटी फ्लॅटच्या दरातच येतं.

आणि लोकल? ठाणे-कल्याण पट्ट्यातला बहुसंख्य प्रवासी आजही लोकलनेच जातो. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचा जीव गेला. लोकलच्या सुधारणांचा खर्च रेल्वे आणि राज्य मिळून करतात, आणि त्यासाठी उपनगरी तिकिटावर एमयूटीपीचा वेगळा अधिभार आहेच. त्यामुळे कल्याणहून रोज लोकलने जाणारा, ठाण्यात घर घेणारा माणूस दोन्हीकडे भरतो.

आपल्या पैशाचा हिशोब कसा मागायचा?

दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्काची एकच रक्कम चलनाने भरली जाते, त्यामुळे मेट्रोच्या वाट्याचा आकडा खरेदीदाराच्या नजरेत येत नाही. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जात तो विचारता येतो, पण प्रश्न नीट तोडून विचारावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत या अधिभाराचे दरवर्षी किती रुपये जमले, हे नोंदणी व मुद्रांक विभागाला. त्यातले किती पुढे कोणाला दिले, हे राज्याच्या नगरविकास विभागाला. कोणत्या मेट्रो मार्गावर किती खर्च झाले, हे एमएमआरडीएला. उत्तराची मुदत 30 दिवस. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवणं त्या कार्यालयावर बंधनकारक आहे, म्हणून ‘आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर आलं तर पहिलं अपील करावं.